पुठ्ठ्यातले साठ कागद

खळमास्तरांना खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळून बघत नाहीत. चाळीस वर्षं मेडिकल कॉलेजच्या तळघरात बाइंडिंग करून नावसुद्धा कामालाच चिकटलं, त्याला कोण काय करणार? रोज सकाळी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायची, झुरळांनी तोंड लावू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, आणि मग दिवसभर शिवायचं, ठोकायचं, चिकटवायचं. वरच्या चार मजल्यांवर डॉक्टर घडतात आणि खाली त्यांचे प्रबंध बांधले जातात. मास्तरांचं म्हणणं असं की दोन्हींत खालचं काम जास्त टिकतं.

खळीचा गर्व तर विचारू नका. "माझी खळ सुटली तर मिशी उतरवीन," हे त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की नवीन विद्यार्थी प्रबंध घेऊन आले की आधी मिशीकडेच बघायचे. मिशी होतीही बघण्यासारखी. दोन्ही टोकं वर वळलेली, आणि कामात खळीची बोटं लागून लागून कडक झालेली.

दुसरा गर्व पुठ्ठ्याचा. बाजारचा पुठ्ठा दमट हवेत होडीसारखा वाकतो म्हणून मास्तर आपला पुठ्ठा आपणच करायचे. टाकाऊ कागद घ्यायचे, एकावर एक असे दहा कागद खळीने चिकटवायचे, आठवडाभर दाबाच्या यंत्रात पिळून काढायचे, की पाटीसारखा कडक पुठ्ठा तयार. आणि टाकाऊ कागदांना तळघरात काय तोटा? चुकलेली पानं, जुने फॉर्म, कुणी न्यायलाच न आलेले गठ्ठे. मास्तर कधी त्यातलं अक्षर वाचत नसत. वाचत बसलो तर बांधणार कधी, असा त्यांचा रोकडा सवाल.

घरी लेक आणि नात. लेक शाळेत गणित शिकवते, जावई बोटीवर नोकरीला, सहा महिन्यांनी एकदा उगवतो. नात नऊ वर्षांची. डॉक्टरांच्या भाषेत ती ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न. घरच्या भाषेत खारूताई, कारण बोटं क्षणभर गप्प बसत नाहीत. बोलणं दिवसाला पाच-सात शब्द, तेही तिला वाटलं तर. रोज सकाळी मात्र ती न चुकता आजोबांसमोर उभी राहायची आणि त्यांच्या मिशीचं उजवं टोक बोटाने खाली दाबायची. बोट काढलं की टोक टुणकन वर यायचं. मग ती हसायची आणि दिवस सुरू व्हायचा. मास्तरांचाही आणि तिचाही.

खारूताईचं काम म्हणजे सोलणं. बाटल्यांवरची लेबलं, डब्यांवरचे कागद, भिंतीचा सुटलेला रंग. एकदा तिने मधल्या सुट्टीत वर्गातल्या बत्तीस बाकांवरच्या नावांच्या पट्ट्या सोलून एकाखाली एक अशा फळ्यावर चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग मनाला येईल तिथे बसला, शेवटच्या बाकावरचे सगळे पहिल्या बाकावर आणि पहिल्यावरचे कुठे गायब, आणि वर्गबाई रडकुंडीला आल्या. मास्तर ही गोष्ट सांगताना दर वेळी हसून हसून खोकत. पण सोलायला काही मिळालं नाही की खारू आपल्याच नखांकडे वळायची. नखांभोवतीची कातडी सोलता सोलता रक्त निघायचं. पट्टी लावली तर पट्टी सोलून परत कातडी. लेकीने हातमोजे, गोष्टी, गाणी, रागावणं, सगळं करून पाहिलं होतं, आणि त्यापायी तिच्या नाकी नऊ आले होते.

म्हणून एका गुरुवारी तिघंही मुलांच्या डॉक्टरबाईंसमोर बसली. बाई तरुण, शांत, आणि घाईत नव्हत्या. असे डॉक्टर हल्ली दिवा घेऊन शोधावे लागतात. त्यांनी खारूची बोटं बघितली, लेकीचं सगळं ऐकून घेतलं आणि एक गोळी सुचवली. गोळीचं नाव असं लांबलचक की मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. आपण तिला गोळीच म्हणू. टेबलावर लाल रंगाचा एक जाड प्रबंध होता. त्यावर हात ठेवून बाईंनी सांगितलं की याच कॉलेजात यावर काम झालंय, चोवीस मुलांना ही गोळी दिली आणि अठरा जणांचं तेच तेच करणं कमी झालं. घाई नाही, सोमवारपर्यंत विचार करा, तुमचं ठरलं तर सुरू करू.

अशा वेळी आजोबाने काय करावं? कान देऊन ऐकावं. आमचे मास्तर बघत होते पुठ्ठ्याचे कोपरे! बांधणी त्यांचीच होती. मूळ प्रबंध विद्यार्थ्यांनी हाताळून हाताळून खिळखिळा केला होता, तेव्हा पाच वर्षांपूर्वी त्यांनीच तो नवीन पुठ्ठ्यात घातला होता. पाच वर्षांत एक कोपरा वाकला नव्हता. लेक प्रश्न विचारत होती, मास्तर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, आणि खारूची नजर टेबलावरच्या पेनस्टँडवर होती. औषधाच्या कंपनीने भेट दिलेला तो पेनस्टँड, आणि त्यावर गोळीच्या नावाची लांब, हिरवी, चकचकीत पट्टी. पट्टीचं एक टोक जरासं उचललेलं. लेकीने खारूचा हात घट्ट धरून ठेवला होता.

बाहेर बोळात आल्यावर मास्तर एकदम थबकले. पुठ्ठ्यावरच्या सोनेरी अक्षरांत गोळीचं नाव दोन ओळींत तोडावं लागलं होतं, एका ओळीत मावतच नव्हतं, ते त्यांना आजही खुपत होतं. पण ही कसरत त्यांनी एकदा नाही, दोनदा केली होती. सात-आठ वर्षांपूर्वी याच गोळीवरचा आणखी एक प्रबंध आला होता. मास्तरांनी ठसे जुळवले होते, नाव तोडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी वरून शिपाई निरोप घेऊन आला की बांधू नका. मग तो गठ्ठा न्यायला कुणी आलंच नाही. त्यांनी हे लेकीला सांगितलं, तेही ठशांची तक्रार म्हणून. लेक मात्र बोळाच्या मधोमध उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दुसऱ्यात काय होतं?"

मास्तरांनी खांदे उडवले. बांधणारा काय वाचायला बसतो होय? पण लेक गणिताची. तिचं म्हणणं सरळ होतं. बेरजेतले दोन आकडे दिलेत आणि त्यातला एकच मांडला तर उत्तर कितीही सुबक दिसलं तरी ते उत्तर नव्हे. पोरीच्या पोटात रोज एक गोळी जाणार, तर मला दुसरा आकडा हवाय. आणि हातात दिवस चारच.

शुक्रवारी मास्तरांनी तळघर उलटंपालटं केलं. माळा, कपाटं, स्टोव्हमागचा खण. बेवारशी गठ्ठे सतरा निघाले, त्यात तो नव्हता. शेवटी त्यांनी कामाची जुनी नोंदवही काढली. रोज काय शिवलं, काय चिकटवलं, कशात काय वापरलं, हे सगळं ते त्या वहीत टिपत. पाच वर्षांपूर्वीच्या एका आठवड्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात ओळ होती: बेवारशी गठ्ठा, साठ कागद, पुठ्ठ्याला लावला. खाली त्या आठवड्यात बांधलेली तीन पुस्तकं. ग्रंथालयाच्या नियमांचं पुस्तक. दवाखान्याच्या दारातली तक्रारवही. आणि तिसरा, तो लाल प्रबंध.

मास्तर मटकन स्टुलावर बसले. एका प्रबंधाचे साठ कागद त्यांनी दहा-दहाच्या थरांनी सहा पुठ्ठ्यांत चिकटवून टाकले होते, आणि ज्या गोळीवर ते होते तिचीच वाहवा करणाऱ्या प्रबंधाला त्यांचं कवच करून दिलं होतं. डॉक्टरबाई गुरुवारी त्याच्यावरच हात ठेवून बोलत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मास्तरांना हसू आलं आणि लगेच स्वतःचीच चीड आली. ज्याला कुणी विचारत नाही त्याला कचरा समजायची अक्कल मी कुठे शिकलो, असं त्यांना वाटलं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. लेक खारूला घेऊन थेट तळघरात आली. तक्रारवही आणायला अडचण पडली नाही. साखळी खिळ्यावरून काढली आणि उचलली, कुणी हटकलं नाही. हटकून तक्रार करणार कशात? अडलं ते नियमांच्या पुस्तकापाशी. ग्रंथपालांना सगळे मौनीबुवा म्हणतात, कारण शांतता राखा हेसुद्धा ते बोटाने सांगतात. मास्तरांनी सगळी हकिकत कुजबुजत सांगितली. मौनीबुवांनी काही न बोलता नियमांचं पुस्तक उघडलं आणि नियम चौथ्यावर बोट ठेवलं: पुस्तकास ओला हात लावू नये. आता आली का पंचाईत! मास्तर हात जोडणार इतक्यात मौनीबुवांनी घसा साफ केला. "पुठ्ठा म्हणजे पुस्तक नव्हे," ते म्हणाले, खणखणीत आवाजात, आणि वाचनालयातल्या चाळीस माना एकदम वर झाल्या. मग स्वतः पुस्तक काखेत मारून ते मास्तरांच्या पुढे जिना उतरले.

पुस्तकांची पोटं सुरीने अलगद सोडवून बाजूला ठेवली आणि चार पुठ्ठे कोमट पाण्याच्या टबात गेले. अर्धा तास गेला, एक तास गेला. खळ हलेना. मास्तरांची अवस्था बघवत नव्हती. खळ सुटावी म्हणून जीव टांगणीला, आणि सुटत नाही म्हणून छाती दोन इंच फुगलेली. लेकीने त्यांना विचारलं की नक्की कुणाच्या बाजूने आहात. मौनीबुवा पुन्हा मौनात गेले होते, पण टबातलं पाणी बदलायचं काम त्यांनी कुणालाही करू दिलं नाही. दोन तासांनी मास्तरांनी हाडाची पट्टी थरात घालून बघितली आणि पहिलाच कागद टर्रकन फाटला.

तेवढ्यात खारू टबापाशी येऊन उभी राहिली. तिने बराच वेळ पाण्यात बघितलं. मग दोन बोटं बुडवली, एका पुठ्ठ्याचा कोपरा चाचपला, सोडला, दुसरा चाचपला, आणि तिथून एक कागद असा काही ओढून काढला की जणू तो तिथे ठेवलेलाच होता. अख्खा. कडेला एक चीर नाही. तिने तो मौनीबुवांच्या हातात दिला आणि दुसऱ्याला लागली.

आता लगेच "बघा, प्रत्येकाच्या अंगात काहीतरी कला असते" असलं काही सुरू करू नका. ती सोलत होती कारण तिला सोलायला आवडतं. तेवीस कागद काढले, मग तिला खळीच्या डब्यावरचं लेबल दिसलं आणि ती तिकडे गेली ती गेलीच. कुणी कितीही विनवलं तरी परत आली नाही. उरलेले सोळा बापलेकीने काढले, त्यात आणखी दोन फाटले. पण तिची बोटं ओली होती, सुरकुतलेली होती, आणि त्या दुपारी त्यांतून एकदाही रक्त आलं नाही. ते लेकीने बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. ते लपवायचंही तिने काही केलं नाही.

कागद दोरीवर वाळले, लेकीने त्यांवर इस्त्री फिरवली. छपाई शाबूत होती. पहिल्या पानावर कुणा मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात शेरा होता: निष्कर्ष निघाला नाही. बांधू नये. लेक तिथेच जमिनीवर बसून वाचू लागली. साठ मुलं. तीस अ गटात, तीस ब गटात. एका गटाला गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली पोकळ गोळी. कुणाला काय मिळतंय ते आईबापांनाही माहीत नाही आणि मोजणाऱ्यांनाही नाही. पोरांची झोप उडणं, चिडचिड, असा त्रास अ गटात तिघांना, ब गटात अकरा जणांना. आणि चाळिसावं पान संपलं! कोणता गट गोळीचा आणि कुणाला किती फरक पडला, हे सगळं शेवटच्या वीस पानांत. ती वीस पानं डॉक्टरबाईंच्या टेबलावर, लाल पुठ्ठ्यांत, आणि त्या खोलीला सोमवारपर्यंत कुलूप.

आणि खळ तर सुटली होती. लेकीने बापाच्या मिशीकडे बघितलं. मौनीबुवांनीही बघितलं. दिलेला शब्द तो शब्द. मास्तर घरी गेले आणि आरशासमोर उभे राहून चाळीस वर्षांची मिशी त्यांनी उतरवली.

पस्तावले. रविवारी सकाळी खारू नेहमीसारखी समोर आली, बोट उचललं, आणि बोट तसंच हवेत राहिलं. तिने त्या उघड्या ओठाकडे बघितलं, पाठ फिरवली आणि गेली. दिवसभर ती त्यांच्या खोलीतसुद्धा आली नाही. सोमवारी सकाळीही तेच. मास्तरांना रडू यायचं बाकी होतं. लेक म्हणाली, वाढेल हो परत. पण मिशी वाढायला महिना लागतो, आणि महिनाभर त्यांची सकाळ होणार नव्हती.

सोमवारी तिघंही डॉक्टरबाईंसमोर बसली तेव्हा चाळीस इस्त्री केलेले कागद लेकीच्या मांडीवर होते. तिने गणित शिकवावं तसं सगळं क्रमाने सांगितलं. बाईंनी एकदा कागदांकडे बघितलं, एकदा लाल प्रबंधाकडे. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर या तिघांना हसून बाहेर पाठवलं असतं. बाईंनी प्रबंध उचलून मास्तरांच्या हातात दिला, स्वतः उठून हात धुवायच्या बेसिनला बूच लावलं आणि गरम पाण्याचा नळ सोडला. बाह्या दुमडल्या. बाहेर रांगेतल्या आयांनी दारातून डोकावून बघितलं की आत डॉक्टर धुणं का धुताहेत, आणि नर्सने त्यांना सांगितलं की संशोधन भिजायला घातलंय. हसण्याची एक लाट बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आली.

पुठ्ठे भिजेपर्यंत बाईंनी बाकीचे पेशंट तपासले. खारूला कुणी बोलावलं नाही आणि ती आलीही नाही. यावेळी मास्तरांनीच कागद सोडवले, तिने केलं होतं तसं, आधी कोपरा चाचपून. एकही फाटला नाही. बाई एकेक ओला कागद काचेच्या खिडकीवर चिकटवत गेल्या आणि उभ्यानेच वाचत गेल्या. सतराव्या कागदापाशी त्या थांबल्या.

बारा आठवड्यांनी अ गटात अकरा मुलांचं तेच तेच करणं कमी झालं होतं. ब गटात दहांचं. आणि अ गट होता पोकळ गोळीचा.

मग बाई वळल्या. "मी याच पुठ्ठ्यावर हात ठेवून तुम्हाला गोळी घ्या म्हणत होते," त्या म्हणाल्या. "ही गोळी सुरू करायची नाही."

लेक हसायला लागली. इतके महिने अंगात साठलेलं सगळं एकदम बाहेर आल्यासारखी ती हसत सुटली, तिला बघून बाई हसल्या, आणि मास्तर तर काय, आधीपासूनच तयार होते. मग बाईंनी शांतपणे समजावलं. लाल प्रबंधातल्या अभ्यासात सगळ्यांनाच गोळी दिली होती, त्यामुळे मुलं गोळीने सुधारली की वाढत्या वयाने आणि आईबापांच्या आशेने, हे कळायला वाव नव्हता. एका अभ्यासाने जग बुडत नाही आणि तरतही नाही, त्या हे कागद आणखी जाणकारांना दाखवतील. उद्या खारूला दुसऱ्या कशासाठी दुसरं औषध लागलं तर त्याचाही असाच विचार करू, औषध म्हणजे काही शत्रू नव्हे. पण या त्रासासाठी ही गोळी, झोप उडवून घेऊन, नको. त्यांनी बोटांना मलम लिहून दिलं, हातांचे व्यायाम घेणाऱ्या बाईंचा पत्ता दिला, आणि रोज सोलायला काहीतरी द्या असं चक्क औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलं. मास्तरांनी तिथल्या तिथे सांगितलं की तळघरात सतरा बेवारशी गठ्ठे आणि जुन्या पुठ्ठ्यांचा ढीग पडलाय. आणि आता त्यातला प्रत्येक कागद वाचल्याशिवाय मी खळीला हात लावणार नाही.

या गडबडीत खारूचा हात कुणीच धरला नव्हता. ती टेबलाजवळ गेली होती. पेनस्टँडवरच्या त्या हिरव्या पट्टीचं उचललेलं टोक तिने चिमटीत धरलं आणि एका दमात, न तुटता, पूर्ण लांबीची पट्टी सोलून काढली. क्षणभर ती उजेडात धरून बघितली. मग आजोबांसमोर आली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि ती लांबच लांब पट्टी त्यांच्या उघड्या ओठावर, या गालापासून त्या गालापर्यंत, दाबून चिकटवली. मग न चिकटता वर वळलेलं उजवं टोक बोटाने खाली ओढलं आणि सोडलं. टोक टुणकन वर आलं. खारू हसली.

"सकाळ," ती म्हणाली.

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मास्तर त्या गोळीच्या नावाची मिशी लावून दवाखान्याच्या जिन्यावरून उतरले, रस्त्याने चालत घरी गेले, आणि कुणी बघितलं की मान ताठ करून बघू दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी फाटलेल्या जागा जोडल्या आणि ते साठ कागद शिवले, पहिल्या पानावरच्या शेऱ्यासकट. पुठ्ठा कोऱ्या कागदांचा केला. नाव सोनेरी अक्षरांत ठोकलं नाही. त्याऐवजी लावलेली हिरवी पट्टी एका ओळीत बरोबर मावली. मौनीबुवांनी तो प्रबंध लाल प्रबंधाच्या शेजारी उभा केला आणि बोटाने दाखवलं की हे दोन्ही एकदमच न्यायचे.